उलट वाहणारी वीज आणि व्होल्टेज नियामकाचे एक जुने गृहीतक

लखनौच्या हजरतगंजमध्ये जमिनीखाली मेट्रोचे स्थानक आहे. मार्च २०१९ मध्ये विमानतळ ते मुन्शीपुलिया हा संपूर्ण मार्ग खुला झाला, तेव्हापासून तेथे दिवसभर गाड्या थांबतात. गाडी स्थानकात शिरताना ब्रेक लावते त्या वेळी तिच्या मोटारी काही क्षणांपुरत्या जनित्रे होतात आणि गतिज ऊर्जेचा काही भाग वीज होऊन २५ किलोव्होल्टच्या तारेत परत जातो. जवळ दुसरी गाडी वेग घेत असेल तर ती वीज तिला मिळते. नसेल तर ती उपकेंद्राच्या दिशेने माघारी फिरते. वर 'गंजिंग' करीत फिरणाऱ्या माणसांना याचा पत्ता नसतो. त्यांच्या डोक्यावर, आसपासच्या मोहल्ल्यांतील गच्च्यांवर हीच गोष्ट अधिक संथ गतीने, तासन्‌तास घडत असते. तेथे दुपारी सौर पटलांची वीज घराला पुरून उरते आणि खांबावरून रोहित्राकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे, निघते.

हजरतगंजच्या अशोक मार्गावर शक्ती भवन आहे; उत्तर प्रदेशच्या वीज मंडळाचा व त्यानंतरच्या कंपन्यांचा कारभार तेथूनच चालत आला. १९५९ साली ते मंडळ स्थापन झाले तेव्हा वीज मोठ्या केंद्रातून निघून लहान घराकडे जाते, हे विधान कोणी लिहून ठेवण्याचीही गरज नव्हती. पाणी डोंगरावरून खाली येते, इतके ते उघड होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांच्या छतांसाठी 'पीएम सूर्यघर' योजना जाहीर झाली आणि या उघड गोष्टीला देशभर अपवाद निर्माण होऊ लागले. अपवाद वाढले की सर्वप्रथम अडखळते ते एक साधे यंत्र : व्होल्टेज नियामक. वीज ज्या बाजूने येते त्याच बाजूला बलवान स्रोत असतो, असे त्या यंत्राच्या नियंत्रणात शतकभर गृहीत धरलेले होते. त्या गृहीतकाची ही कथा.

तारेतली घट

तारेला रोध असतो. तिच्यातून वीज गेली की दूरच्या टोकाला व्होल्टेज कमी मिळते. सूत्र साधे आहे. तारेतील घट ही ढोबळमानाने रोध गुणिले कार्यकारी शक्ती, अधिक प्रतिघात गुणिले रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती, आणि या बेरजेला व्होल्टेजने भागून मिळते. संध्याकाळी दिवे लागले की शक्ती वाढते, घट वाढते आणि टोकाच्या घरातील दिवा मंदावतो. शहरे विजेने उजळू लागली त्या पहिल्या काही वर्षांतच हा अनुभव आला.

उपायही लवकर सापडला. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीतील लुइस स्टिलवेल यांनी वाहिनीला जोडण्याचे एक रोहित्र योजले. त्याच्या दुय्यम वेटोळ्याला जागोजागी फाटे काढलेले होते. हव्या त्या फाट्यावर जोडणी केली की मूळ व्होल्टेजमध्ये थोडी भर पडे किंवा थोडी वजाबाकी होई. आज या फाट्यांना आपण 'टॅप' म्हणतो. घरातल्या फ्रिजमागचा स्टॅबिलायझर 'टक्‌' असा आवाज करतो तेव्हा तो हेच काम छोट्या प्रमाणावर करीत असतो.

पण टॅप कधी बदलायचा? वीजकेंद्रातील माणसाला आपल्याजवळचे व्होल्टेज दिसे, दूरच्या गल्लीतले दिसत नसे. त्यावर राल्फ मर्शन यांनी एक सुरेख युक्ती काढली. मोजणीच्या मंडलातच तारेची छोटी प्रतिकृती बसवायची, म्हणजे तारेच्या प्रमाणात लहान केलेला रोध आणि प्रतिघात. वाहिनीतील प्रवाहाचा नमुना त्यातून सोडला की प्रतिकृतीत होणारी घट खऱ्या घटीच्या प्रमाणात येते, आणि केंद्रात बसूनच दूरच्या टोकाचे व्होल्टेज 'वाचता' येते. वाहिनी-घट भरपाई या नावाने ही कल्पना आजच्या डिजिटल नियंत्रकांतही जिवंत आहे. मात्र तिच्यात एक अट दडलेली होती. वाहिनीतला सारा प्रवाह केंद्रातून निघून बाहेर जात असला पाहिजे. वाटेत मध्येच कोणी वीज ओतली तर ही प्रतिकृती खोटे सांगू लागते.

टॅप बदलणारा हात

पुरवठा बंद न करता टॅप बदलणे हे पुढचे आव्हान होते. एका टॅपवरून दुसऱ्यावर जाताना मंडल क्षणभरही तुटता कामा नये. दोन टॅप एकदम जोडले तर त्यांच्यातून प्रचंड प्रवाह फिरतो. १९२० च्या दशकात जर्मनीत बर्नहार्ड यान्सेन यांनी या संक्रमणाच्या क्षणी रोधक मध्ये घालून झटपट उडी मारणारी रचना सिद्ध केली. आपल्या उपकेंद्रांतील मोठ्या रोहित्रांवर जे 'ऑन-लोड टॅप चेंजर' दिसतात, त्यांची वंशावळ तेथवर जाते.

अमेरिकेत वाहिनीच्या मध्यावर खांबावर बसवायचा पायऱ्यांचा नियामक रूढ झाला. त्याला ३२ पायऱ्या असतात, १६ वर चढण्याच्या आणि १६ खाली उतरण्याच्या. प्रत्येक पायरी ०.६२५ टक्क्याची, म्हणून एकूण पल्ला अधिक-उणे १० टक्के. त्याचे नियंत्रण तीन आकड्यांवर चालते : अपेक्षित व्होल्टेज, त्याभोवतीचा सहनपट्टा आणि थांबण्याचा काळ. व्होल्टेज पट्ट्याबाहेर जाऊन साधारण अर्धा-एक मिनिट तेथेच राहिले, तर एक पायरी बदलायची. हे नियंत्रण फक्त आपल्या पुढच्या बाजूला, म्हणजे भाराच्या बाजूला पाहते. मागच्या बाजूला, जेथून वीज येते तेथे, पाहण्याचे त्याला कारणच नव्हते.

दिशा म्हणजे काय

येथे विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. प्रत्यावर्ती प्रवाह तर सेकंदाला ५० आवर्तने करीत पुढे-मागे हेलकावतो. मग 'उलट दिशा' कशाची? प्रवाहाची नव्हे, शक्तीची. व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या लाटा साधारण एकत्र चढत-उतरत असतील तर त्यांचा गुणाकार सरासरीने धन येतो आणि ऊर्जा पुढे जाते. प्रवाहाची लाट अर्ध्या आवर्तनाने सरकली तर गुणाकार ऋण होतो आणि ऊर्जा मागे येते. दोन लाटांमधील कला-कोन मोजला की नियंत्रकाला दिशा कळते. दिशा ओळखणे कधीच अवघड नव्हते. अवघड होते तो तिचा अर्थ लावणे.

शक्ती उलटण्याचा पहिला प्रश्न सौर ऊर्जेच्या कितीतरी आधी आला. शहरांतील वाहिन्या टोकाशी एकमेकींना जोडता येतात. एका उपकेंद्रात बिघाड झाला की मधला स्विच लावून दुसऱ्या उपकेंद्राकडून वीज आणतात. मग मधल्या नियामकाच्या दृष्टीने सारेच उलटते : काल जो भार होता तेथून आज वीज येते. नियामक जुन्याच बाजूला पाहत राहिला तर तो आता बलवान स्रोताचे व्होल्टेज बदलू पाहील आणि ते बदलणार नाही. म्हणून द्विदिश नियंत्रण आले. शक्ती उलटी वाहताना दिसली की नियंत्रकाने तोंड फिरवायचे आणि दुसऱ्या बाजूचे व्होल्टेज सांभाळायचे. त्या काळाच्या मानाने हा उपाय अगदी योग्य होता, कारण तेव्हा शक्ती उलटण्याचे कारण एकच असे : स्रोत बदलणे.

ऊस, भुस्सा आणि फसलेले अनुमान

१९७८ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला आणि वीज कंपन्यांना लहान उत्पादकांची व सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्यांची वीज घेणे भाग पडले. आपल्याकडे सहवीजनिर्मिती म्हटले की महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश, दोन्हीकडच्या वाचकांना साखर कारखानाच आठवेल. गाळपाच्या हंगामात उसाचे चिपाड जाळून वाफ करायची, तिच्यावर कारखाना चालवायचा आणि उरलेली वीज जाळ्यात द्यायची. आता शक्ती उलटण्याचे दुसरे कारण निर्माण झाले. वाहिनीच्या टोकाला एक उत्पादक आला. पण उपकेंद्र जेथे होते तेथेच, तितकेच बलवान होते.

द्विदिश नियंत्रण नेमके येथे फसते. एक उदाहरण आकड्यांनी करून पाहू. नियामक तिसऱ्या चढत्या पायरीवर आहे. उपकेंद्राच्या बाजूला व्होल्टेज ९८ टक्के आहे, वस्तीच्या बाजूला साधारण १००. दुपारी वस्तीतली वीज उरली आणि शक्ती उलटली. नियंत्रकाने ठरवले : स्रोत आता वस्तीच्या बाजूला आहे, म्हणून मी उपकेंद्राच्या बाजूचे व्होल्टेज सांभाळीन. तेथे ९८ दिसते, हवे १००. त्याने एक पायरी बदलली. उपकेंद्रामागे सारे राष्ट्रीय जाळे उभे आहे, ते हलले नाही. त्याऐवजी वस्तीच्या बाजूचे व्होल्टेज ०.६ टक्क्याने उतरले. नियंत्रकाला पुन्हा ९८ च दिसले, त्याने पुन्हा पायरी बदलली. काही मिनिटांत तो सोळाव्या उतरत्या पायरीवर जाऊन थांबतो आणि वस्तीला ९८ च्या नऊ-दशांश, म्हणजे सुमारे ८८ टक्के व्होल्टेज मिळते. उपकेंद्राकडे १०२ टक्के असते तर हेच यंत्र दुसऱ्या टोकाला पळाले असते आणि घरांत ११२ टक्के व्होल्टेज पोचले असते. मग इन्व्हर्टर स्वतःच्या संरक्षणासाठी बंद पडतात, शक्ती पुन्हा सरळ होते, नियामक व्होल्टेज पूर्वपदावर आणतो, इन्व्हर्टर पुन्हा सुरू होतात आणि चक्र नव्याने सुरू होते. यंत्रात कोठेही बिघाड नाही. प्रत्येक भाग सांगितल्याप्रमाणे चालतो आहे.

चूक अनुमानात आहे. शक्ती कोठून येते आणि बलवान कोण आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भौतिकीच्या भाषेत, टॅप बदलल्यावर ज्या बाजूचा अंतर्गत प्रतिबाध अधिक, त्या बाजूचे व्होल्टेज सरकते. शक्तीची दिशा त्यात काहीच ठरवीत नाही. शंभर वर्षे ही दोन उत्तरे नेहमी एकच येत राहिली, म्हणून प्रश्नही एकच आहे असे वाटत राहिले.

यातून नियंत्रकात एक नवी पद्धत आली. तिचे नावच सहवीजनिर्मिती पद्धत. शक्ती उलटली तरी तोंड फिरवायचे नाही, वस्तीच्याच बाजूला पाहत राहायचे, फक्त वाहिनी-घट भरपाईची मूल्ये उलट दिशेसाठी वेगळी वापरायची. आजच्या नियंत्रकात अशा अनेक पद्धती निवडता येतात : नेहमी पुढेच पाहणे, उलट शक्ती दिसताच जागच्या जागी थांबणे, मधल्या तटस्थ पायरीवर जाऊन थांबणे, द्विदिश, सहवीजनिर्मिती. यांपैकी कोणतीही एक सर्वकाळ बरोबर नसते. सहवीजनिर्मिती पद्धतीवर ठेवलेल्या वाहिनीला उद्या खरोखरच दुसऱ्या उपकेंद्रावरून वीज दिली, तर तोच नियामक आता चुकीच्या बाजूला पाहत राहील.

दोन्ही प्रसंगी लक्षण एकच, कारण वेगळे. निदानासाठी आणखी पुरावा हवा. काही नियंत्रक रिअ‍ॅक्टिव्ह शक्तीची दिशा पाहतात, कारण सौर इन्व्हर्टर बहुधा केवळ कार्यकारी शक्ती देतात आणि मोटारी-पंख्यांना लागणारी रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती खऱ्या उपकेंद्राकडूनच येते. वाटेत कपॅसिटर बँक असली की हा पुरावा डळमळतो. दुसरा मार्ग प्रयोगशाळेतल्यासारखा आहे. एक पायरी बदलून पाहायची आणि कोणती बाजू हलली ते मोजायचे. जी हलली ती दुर्बळ. तिसरा मार्ग म्हणजे स्विचांची स्थिती नियंत्रण केंद्राकडून थेट विचारून घेणे.

४३३ या आकड्याची गोष्ट

आपल्या शहरांत खांबावरचे पायऱ्यांचे नियामक सर्रास आढळत नाहीत. नियमन मुख्यतः ३३/११ किलोव्होल्ट उपकेंद्रातील रोहित्रावर होते. गल्लीतल्या रोहित्राला टॅप असतात, पण ते पुरवठा बंद करूनच बदलता येतात. म्हणून एकदा बसवलेली जागा वर्षानुवर्षे तशीच राहते.

त्या रोहित्रावरची पाटी वाचा : ११०००/४३३ व्होल्ट. चारशे किंवा चारशे पंधरा नव्हे, ४३३. त्रिकला व्होल्टेजला तीनच्या वर्गमुळाने भागले की एका कलेवर २५० व्होल्ट येतात. घरात २३०-२४० हवे असताना २५० का? कारण वाटेत घट होणार, हे गृहीत आहे. विजेच्या एकमार्गी प्रवासावरचा विश्वास या आकड्यात ओतून ठेवलेला आहे.

आता १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ५४ वा नियम आठवा : ग्राहकाकडील व्होल्टेज घोषित मूल्यापासून ६ टक्क्यांहून अधिक ढळू नये. २४० व्होल्टवर वरची मर्यादा २५४.४ होते. २३० अधिक १० टक्के असे मोजले तरी २५३. म्हणजे ११ किलोव्होल्ट बाजू नेमकी असताना रोहित्राच्या दारात २५० आणि मर्यादा २५४. उलट प्रवासासाठी उरतात फक्त चार व्होल्ट.

चार व्होल्ट किती लवकर संपतात ते पाहू. ९५ चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम केबलचा रोध किलोमीटरला सुमारे ०.३२ ओहम असतो. ४०० मीटरला ०.१२८ ओहम. टोकाच्या घरांनी तिन्ही कलांवर समतोल मिळून ४० किलोवॅट वीज बाहेर दिली, तर प्रत्येक कलेत सुमारे ५६ अँपिअर आणि व्होल्टेजची वाढ सुमारे ७ व्होल्ट. टोकाशी २५७. मर्यादा ओलांडली. संध्याकाळी तीच घरे ४० किलोवॅट घेऊ लागली की तेथे २४३. टॅप दुपारसाठी उतरवला तर संध्याकाळी दिवे मंदावतात, संध्याकाळसाठी चढवला तर दुपारी इन्व्हर्टर बंद पडतात. घरे एककला जोडणीची आणि असमतोल असतील तर प्रवाह तटस्थ तारेतूनही परततो आणि हा फरक जवळजवळ दुप्पट होतो.

उपकेंद्रातल्या नियामकाचीही कोंडी होते. एकाच रोहित्रावरून दोन वाहिन्या निघतात असे समजा. एकीवर गच्च्यागच्च्यांवर सौर पटले असलेली वसाहत, दुसरीवर वातानुकूलन यंत्रे चालवणारा बाजार. दुपारी वसाहतीची उरलेली वीज बाजाराकडे वळते आणि रोहित्रातून जाणारा एकूण प्रवाह घटतो. भरपाईचे मंडल समजते की भार हलका झाला, आणि व्होल्टेज उतरवते. ज्या क्षणी बाजाराला चढते व्होल्टेज हवे, त्याच क्षणी ते त्याला कमी मिळते. एका मोजणीवरून दोन विरुद्ध गरजा ओळखता येत नाहीत.

हिशेब आणि तार

उत्तर प्रदेशच्या विद्युत नियामक आयोगाने २०१५ मध्ये व नंतर २०१९ मध्ये छतावरील सौर विजेसाठी नियम केले. २०२० च्या सुमारास लखनौत त्यापुढचा प्रयोग झाला. काही सरकारी इमारतींच्या छतांवरची वीज ब्लॉकचेनच्या नोंदवहीने शेजाऱ्याला विकून पाहण्यात आली. उत्तर प्रदेश पॉवर कॉर्पोरेशन, इंडिया स्मार्ट ग्रिड फोरम आणि पॉवर लेजर ही ऑस्ट्रेलियन कंपनी त्यात होती. महाराष्ट्रात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांच्या जवळच सौर प्रकल्प उभारून त्यांची वीज शेतीच्या वाहिन्यांना दिली जाते. हिशेबाच्या दृष्टीने या सर्व ठिकाणी एक युनिट म्हणजे एक युनिट. तारेच्या दृष्टीने तसे नाही. रोहित्राजवळच्या घराने दिलेल्या युनिटाने व्होल्टेज फारसे हलत नाही. गल्लीच्या टोकाच्या घराने दिलेल्या त्याच युनिटाने ते मर्यादेपार जाते. दोघांनी पटलांसाठी सारखेच पैसे मोजलेले असतात, पण भर दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो तो टोकाच्या घराचा. पुष्कळदा गल्लीच्या टोकाला घर असणे ही त्या कुटुंबाची निवडही नसते.

उपायांचा इतिहासही लक्षणीय आहे. २००३ च्या आयईईई १५४७ या मानकाने लहान उत्पादकांना व्होल्टेज नियमनात हात घालण्यास मज्जाव केला होता. नियमन हे वीज कंपनीचे काम. २०१८ च्या आवृत्तीने भूमिका फिरवली. आता इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज चढले की रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती शोषून ते उतरवण्याची क्षमता असणे आवश्यक ठरले. पंधरा वर्षांत मनाई कर्तव्य झाली. जर्मनीत गल्लीतल्या रोहित्रालाच चालू स्थितीत टॅप बदलण्याची सोय देऊन पाहिली गेली. यांपैकी फुकट काहीच नाही. रोध अधिक असलेल्या आपल्या लघुदाब तारांत रिअ‍ॅक्टिव्ह शक्तीचा परिणाम तोकडा पडतो आणि तिच्यामुळे तारेतला प्रवाह व हानी वाढते. जाड तार, नवे रोहित्र किंवा दुपारची वीज साठवणारी बॅटरी यांचा खर्च कोणी तरी द्यावा लागतो. तो टोकाच्या घराने एकट्याने सोसायचा की सर्वांनी वाटून घ्यायचा, याचे उत्तर ओहमच्या नियमात नाही. प्रश्न कोठे उभा राहणार आहे, एवढे मात्र तो नियम आधीच सांगतो.

विद्यार्थ्यांना एक काम सुचवतो. तुमच्या घरी व्होल्टेज दाखवणारा स्टॅबिलायझर वा सॉकेटात खोचायचा मीटर असेल, तर आठवडाभर दुपारी एक वाजता आणि रात्री आठ वाजता आकडा टिपून ठेवा. उघड्या तारांना हात लावू नका, त्याची गरज नाही. घर रोहित्रापासून किती दूर आहे आणि गल्लीत किती गच्च्यांवर पटले आहेत, तेही लिहा. दुपारचा आकडा रात्रीच्या आकड्याहून किती चढा आहे ते खाली सांगा. आपल्या तारांचे दुपारचे वर्तन कसे आहे, हे जाणून घेण्याची ती एक चांगली सुरुवात होईल.

#विज्ञानाचा_इतिहास #वीज #सौरऊर्जा #लखनौ